राजधानी सरकली त्या वाटेनं

गोव्याला जाऊन समुद्र न बघता परत येणारी बेळगावची माणसं विरळाच. आम्ही तशी आलो. बीच नाही, कॅसिनो नाही, परतताना डिकीत खणखणणारं काही नाही. जुन्या गोव्याहून पणजीपर्यंत मांडवीच्या काठानं धावलो, ठरलेल्या ठिकाणी थांबून इतिहास ऐकला, भाजी-पाव खाल्ला आणि दुपारी चोर्ला घाटाची वाट धरली. याला हल्ली रनिंग टूर म्हणतात. गाईड तुमच्याबरोबर धावतो आणि धावता धावता शहर दाखवतो. आमच्या घरी ही कल्पना पचायला जड गेली. "पळायला गोव्याला कशाला जायाचं? हितं किल्ल्याभोवती जागा कमी पडली काय?" असं सासूबाईंनी विचारलं. तसं बघितलं तर प्रश्न रास्त होता.

आमचा ग्रुप म्हणजे टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पहाटे जमणारी मंडळी. बँकेतून निवृत्त झालेले जांबोटीकडचे काका, माझी धाकटी जाऊ, इंजिनिअरिंगची दोन पोरं आणि मी. रविवारी कॅम्पातून जाऊन किल्ल्याला वळसा घालायचा आणि येताना कुठंतरी इडली खायची, एवढीच आमची झेप. पदकाबिदकाची हौस कुणालाच नाही.

बुकिंग करतानाच कळलं की हे सहलीसारखं नाही. माणसं किती आणि पैसे किती एवढ्यावर भागलं नाही. तिकडून एक फॉर्म आला. किलोमीटरला किती मिनिटं लागतात, गुडघ्याचं किंवा घोट्याचं जुनं दुखणं आहे काय, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत काय, वेळ पडली तर घरी कुणाला फोन करायचा. काकांनी पेसच्या, म्हणजे वेगाच्या, रकान्यात 'तब्येतीनुसार' असं लिहून पाठवलं. संध्याकाळी गाईडचा फोन आला. पणजीचीच मुलगी, मराठी स्वच्छ, मधूनमधून कोकणी हेल. "काका, सगळ्यांत हळू जो असेल त्याच्या पेसनं आपण जाणार. तुम्ही आठ मिनिटं लिहा, बाकीचं मी बघते." फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "पोरगी हुशार आहे. मला हळू म्हणाली, पण लागलं नाही."

तिनं दोन गोष्टी बजावल्या होत्या. चर्चमध्ये जायचं झालं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तेव्हा कमरेला गुंडाळायला काहीतरी पातळ घ्या. जावेनं स्टोल घेतला, काकांनी पंचा. दुसरं म्हणजे पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. ही दुसरी सूचना आम्ही बेळगावी तोऱ्यात कानाआड केली असती, पण आधल्या रात्री रायबंदरला मुक्कामाला पोचलो आणि गाडीचं दार उघडल्याबरोबर ती पटली. आपलं गाव साडेसातशे मीटरवर, हवा कोरडी, पहाटे तर स्वेटर लागतो. तिकडं खाडीकाठी हवेतच इतकं पाणी की अंगावरचा घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, मग हृदय जास्त ठोके मारतं. किल्ल्याभोवती ज्या पेसला मी गप्पा मारते, त्याच पेसला तिथं घड्याळात वीस-पंचवीस ठोके जास्त दिसत होते. गाईडची यावरची युक्ती सोपी होती. धावताना ती मधेच कुणालातरी प्रश्न विचारायची. उत्तर धाप न लागता पूर्ण आलं तर ठीक, तुटक आलं तर सगळा घोळका हळू.

उजाडायच्या आत जुन्या गोव्यात, दिवाडी बेटाच्या फेरीचा धक्का आहे तिथं, जमलो. मागून सायकलवर एक मुलगा, कॅरिअरला पाण्याचे कॅन आणि इलेक्ट्रॉलची पाकिटं. वॉर्म-अप कमानीखालीच. ही व्हाइसरॉयची कमान. 1599 ची, वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथं पोर्तुगीज व्हाइसरॉय असताना बांधलेली. पणजोबांचा पुतळा नदीकडं तोंड करून कोनाड्यात बसवलेला. आत्ता दिसते ती मात्र 1954 मध्ये पुन्हा उभारलेली आहे. लिस्बनहून येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय इथं उतरायचा आणि या कमानीतून शहरात शिरायचा. तिच्यातून जाणारा सरळ रस्ता म्हणजे या शहराचा मुख्य बाजार होता. आज तिथं झाडं, हिरवळ आणि एका बाजूला पार्किंग.

"पुढचे दहा-अकरा किलोमीटर आपण राजधानीच्या मागनं धावणार," गाईड म्हणाली. "ती जशी जशी सरकली तसं." मला या टूरमधलं सगळ्यांत आवडलेलं हेच. जुनं गोवं आणि पणजी मी आधी बघितलेलं होतं, पण गाडीनं. एसीत बसून वीस मिनिटं, मध्ये काय आहे ते कळतच नाही. दोन शहरं वेगवेगळी वाटतात. पायाखाली आली की समजतं, एकच शहर दीडशे-दोनशे वर्षं हळूहळू नदीच्या तोंडाकडं घसरत गेलंय.

कमानीपासून चार पावलांवर आदिलशहाच्या वाड्याची चौकट उभी आहे. नुसती चौकट, वाडा नाही. तिथं तिनं आम्हाला उभं केलं आणि विचारलं, "पोर्तुगीज यायच्या आधी इथं काय उतरायचं?" इंजिनिअरिंगचं पोरगं म्हणालं, मसाले. "मसाले चढायचे. उतरायचे घोडे." अरबस्तान आणि इराणकडचे घोडे होर्मुझहून जहाजानं इथं यायचे आणि घाट चढून विजयनगरला, बहमनी राज्यात, पुढं विजापूरला जायचे. आपल्याकडच्या हवेत चांगली घोड्यांची पैदास होत नसे, त्यामुळं ज्याच्या हातात हे बंदर त्याच्या हातात दुसऱ्याचं घोडदळ. 1472 मध्ये बहमनींचा वजीर महमूद गावान यानं गोवा विजयनगरकडून घेतला. तो परत घ्यायला विजयनगरनं पुढं केलं कुणाला, तर बेळगावच्या राजाला. मग 1473 मध्ये सुलतान आणि गावान फौज घेऊन बेळगावच्या किल्ल्यावर आले. खंदक बुजवला, तट सुरुंगानं उडवला आणि किल्ला घेतला.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. दर रविवारी ज्या खंदकाच्या कडेनं आम्ही धावतो तो या धक्क्यावरच्या घोड्यांपायी बुजवला गेला होता. किल्ल्याच्या पाटीवर कधी हे वाचल्याचं आठवत नाही, किंवा पाटी वाचायला कधी थांबलेच नसेन. "सासूबाईंना सांगायला उत्तर मिळालं," जाऊ हळूच म्हणाली.

बंदर समुद्रावर जगतं असं आपण धरून चालतो. खरं तर ते घाटावर जगतं. वरचा मुलूख माल देतो आणि घेतो, बंदर मधला दरवाजा. हे नातं आजही तुटलेलं नाही. रात्री चोर्ल्यातून भाजीच्या गाड्या खाली जातात, दूध जातं, आणि आपले लोक सुट्टीत खाली जातात. याच्याही आधीचं बंदर इथं नव्हतंच. दक्षिणेला, जुवारी नदीच्या काठावर गोपकपट्टण होतं, कदंब राजांचं. तेच कदंब खानापूर तालुक्यातल्या हलशीवरही राज्य करायचे. कोकण आणि पलसिगे, म्हणजे हलशीचा मुलूख, एका सिंहासनाखाली. आम्हाला मात्र कदंब म्हटलं की बेळगाव स्टँडवरची पणजीची बस आठवते, गोव्याच्या कदंब महामंडळाची. जुवारीच्या बाजूला गाळ साचत गेला, तिकडचं बंदर मागं पडलं आणि मांडवीकाठचं हे वर आलं. बंदर सरकायची सवय जुनीच दिसते.

25 नोव्हेंबर 1510 ला पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कनं हे शहर दुसऱ्यांदा आणि कायमचं घेतलं. त्याआधी त्याच वर्षी घेतलं होतं, पण आदिलशाही फौजेनं काही महिन्यांत हाकलून लावलं होतं. पुढची शंभर वर्षं शहर असं वाढलं की 'ज्यानं गोवा बघितला त्याला लिस्बन बघायची गरज नाही' अशी म्हण पडली. चर्चेसचा भाग मी भरभर सांगते, कारण धावत जाणाऱ्याला तो तसाच दिसतो. खरं सांगायचं तर रनिंग टूर ही चर्च बघायची पद्धत नव्हे. से कॅथेड्रल 1562 ला सुरू झालं, त्याचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, म्हणून ते समोरून लंगडं दिसतं. बॉम जेझूमध्ये प्रार्थना चालू होती, त्यामुळं घामेजल्या अंगानं आत जाणं बरं दिसलं नसतं. काकांचा पंचा कमरेला तसाच राहिला. बाहेरून मात्र भिंत हाताच्या अंतरावर बघितली. तिच्यावरचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकलाय, त्यामुळं उघडा जांभा दिसतो. छिद्राछिद्रांत शेवाळ, कडा झिजून गोल झालेल्या, आणि पावसाच्या बाजूचा चिरा दुसऱ्या बाजूपेक्षा काळा. काकांनी बोटानं टोकरून बघितलं आणि म्हणाले, "हा जांभा उघडा ठेवायचा नसतो. आमच्याकडं कुठलाही गवंडी सांगेल." गाईड म्हणाली, गोव्यातही यावर बरीच वर्षं वाद चाललाय. काकांना आपलं मत राष्ट्रीय पातळीवर गेल्यासारखं वाटलं.

मग चढ. मोन्ते सांतो नावाची टेकडी. आमच्या गावच्या चढांपुढं काहीच नाही, पण त्या दमट हवेत पोटऱ्या भरून आल्या. वर सेंट ऑगस्टीनचं चर्च होतं. आता 46 मीटर उंचीचा अर्धामुर्धा मनोरा आणि पडक्या भिंती. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघ बंद केले, मठ ओस पडले, 1842 मध्ये छत खाली आलं. इथं सापडलेले केतेवान राणीचे अवशेष भारतानं 2021 मध्ये जॉर्जियाला दिले. इराणच्या शहानं सतराव्या शतकात जिला मारलं, त्या राणीची हाडं ऑगस्टिनियन साधूंनी इथं आणून ठेवली होती. कुठं जॉर्जिया आणि कुठं ही टेकडी! बंदर म्हणजे काय, ते त्या घोड्यांनी कळलं त्यापेक्षा मला या राणीनं जास्त कळलं.

मनोऱ्यात एक मोठी घंटा होती. "ती आत्ता इथं नाही, आपल्याला पुढं भेटेल," एवढंच सांगून गाईडनं विषय बंद केला.

टेकडीच्या नदीकडच्या कडेवर रोझरी चर्च आहे. तिथं तोवर तांबडं फुटलं होतं. खाली मांडवी, पलीकडं दिवाडी. पूर्वेला हात करून तिनं जुव्याची दिशा दाखवली आणि मग आमच्यापैकी कुणालाच बसवेना. 1683 च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी जुवें बेट घेतलं, तिथून जुनं गोवं हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर परतवायला गेला आणि मार खाऊन आला. मग त्यानं बॉम जेझूत जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवला आणि साकडं घातलं. काही दिवसांत औरंगजेबाचा मुलगा फौज घेऊन घाटाखाली उतरल्याची बातमी आली आणि महाराजांना वळावं लागलं. भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा वाहून जात असताना खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, ही गोष्ट आपल्याकडं पोराटोरांना पाठ. ती जागा समोर बघताना पोरं सेल्फी काढायचं विसरली. गाईडनं मात्र घड्याळ दाखवलं. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की पाय गार पडतात आणि पुढचा किलोमीटर रडवतो. इथं आम्ही दहा मिनिटं थांबलो होतो, आणि पुढचा किलोमीटर तसाच गेला.

खाली उतरून पणेलीला आलो. शहरात पटकी आणि मलेरियाच्या साथी वारंवार यायच्या, विहिरी नासल्या होत्या, माणसं मरत होती आणि उरलेली पळत होती. 1695 मध्ये व्हाइसरॉयनं स्वतःच बिऱ्हाड हलवलं आणि इथं, दारूच्या कारखान्याजवळच्या घरात येऊन राहिला. दारू म्हणजे तोफांची. ("आता समजलं लोक गोव्याला का येतात," पोरांपैकी एक.) राजधानी अजून कागदोपत्री जुन्या गोव्यातच होती, पण राजधानीचा धनी दोन किलोमीटर पुढं आला होता.

रायबंदरला चोडणच्या फेरीच्या धक्क्यावर पाण्यासाठी थांबलो. तिथं तो विषय निघालाच. "तुम्ही बेळगावचे म्हणजे आमची म्हादई वळवणारे!" गाईड हसत म्हणाली, पण अगदीच हसण्यावारी नाही. आम्ही गप्प. काका मात्र जांबोटीचे. "बाळ, ती आधी आमची आहे," ते म्हणाले. म्हादई खानापूर तालुक्यात देगावजवळ, भीमगडच्या रानात उगवते. खाली येऊन तीच मांडवी होते. त्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगवते, ती मात्र पूर्वेला जाते. लवादानं 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिलं, त्यावरनं कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. काकांनी तिला सांगितलं की जांबोटी, कणकुंबीकडच्या लोकांनाही नदी वळवणं नको आहे. आमच्या भागात पाऊस धो-धो पडतो आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात, वळवलेलं पाणी काही आमच्या शेतात येणार नाही. यावर ती गंभीर झाली आणि तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. बाकी सगळीकडं ती सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो, इथं उलटं झालं.

पुढचा टप्पा या टूरचा मुकुट. रायबंदर ते पणजी, पोन्ते द लिन्यारिश. लिन्यारिशचा काउंट व्हाइसरॉय असताना 1633-34 मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब, दलदलीवरून खालच्या कमानींवर टाकलेला दगडी रस्ता. जवळजवळ चारशे वर्षं झाली आणि आजही त्यावरून बस जाते. उजवीकडं मांडवी, डावीकडं जुनी मिठागरं आणि खारफुटी. सूर्य पाठीमागून आलेला, त्यामुळं आमच्या लांबलचक सावल्या आमच्या पुढं धावत होत्या. फुटपाथ अरुंद आहे, तेव्हा गाईडनं एकामागं एक रांग करवली आणि बोलणं बंद ठेवलं. सरळ सपाट रस्ता कंटाळवाणा असतो असं धावणारे म्हणतात. मला तिथं लय सापडली. जावेचा श्वास मागून ऐकू येत होता, खारफुटीत बगळे उभे होते, आणि पणजी हळूहळू मोठी होत होती. जुन्या गोव्यातली घरं पाडून त्यांचे दगड पणजी बांधायला नेले गेले, ते बरेचसे याच बाजूनं गेले असणार.

पुलांच्या खालून पुढं गेलो की पाटो, आणि पाटोचा पूल ओलांडला की मळा आणि फोंतेन्हास. रंगीत घरांच्या गल्ल्या सगळ्यांनी फोटोत बघितल्यात. तिथं राहणाऱ्यांना त्याचा किती वैताग आहे ते दारांवरच्या 'फोटो काढू नका' पाट्यांवरून दिसलं. म्हणून तिथं चालत गेलो, आवाज न करता. मग अचानक नागमोडी पांढऱ्या पायऱ्या आणि वर पणजीचं चर्च. "ऐका," गाईड म्हणाली. मधल्या कमानीत टांगलेली ती घंटा. ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली. इथं थेट आली नाही. आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली, जहाजांना इशारा द्यायला, आणि 1871 मध्ये इथं आली. आपल्याला सकाळभर लागलेली वाट तिला तीसएक वर्षं पुरली. वाजली मात्र नाही. घंटेची वेळ नव्हती.

शेवट मांडवीकाठी, जुन्या सचिवालयापाशी. हाही मुळात आदिलशहाचाच वाडा. 1759 मध्ये व्हाइसरॉय इथं राहायला आला, 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. म्हणजे आदिलशहाच्या चौकटीपासून निघून आम्ही आदिलशहाच्याच वाड्यात पोचलो होतो. समोर नदीत कॅसिनोच्या बोटी नांगरलेल्या, रात्रीचे दिवे तसेच चालू. शेजारी आबे फारियाचा पुतळा, एका बाईला संमोहित करताना. इथल्याच कांदोळीत जन्मलेला हा माणूस पॅरिसला जाऊन संमोहनशास्त्राचा आद्य अभ्यासक झाला. पुढं बंदरही इथं टिकलं नाही. 1880 च्या दशकात लोंढ्याकडून कॅसलरॉकमार्गे रेल्वे खाली उतरली ती थेट मुरगावला, आणि जहाजं तिकडं गेली. लोंढा पुन्हा आमच्याच तालुक्यात, हे काकांनी नोंदवून घ्यायला लावलं.

पाच मिनिटं स्ट्रेचिंग, मग भाजी-पाव. सायकलवाल्या मुलानं सगळ्यांना दुसरं इलेक्ट्रॉल सक्तीनं पाजलं. शर्ट पिळला तर पाणी निघावं अशी अवस्था, पण कुणाचा पाय धरला नाही. खर्च माणशी एका बऱ्या जेवणाइतका आला. मला विचाराल तर जुनं गोवं पहिल्यांदाच बघायचं असेल तर आधी एकदा सावकाश, पंचा-बिंचा गुंडाळून, चर्चेस आतून बघून या. धावायला दुसऱ्यांदा जा. आणि पोन्ते द लिन्यारिशवर ऊन चढायच्या आत पोचा, तिथं सावलीचं एक झाड नाही.

निघताना काकांनी गाईडला बेळगावचं आमंत्रण दिलं. किल्ला, त्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर, मग गाडीनं हलशी. तिनं पहिला प्रश्न विचारला, "चढ किती?" काका म्हणाले, "चढ कुठला? हवा थंड, रस्ता सपाट." जाऊ माझ्याकडं बघून हसली. "येते," ती म्हणाली, "पण एक अट आहे. तिथं बोलायचं तुम्ही. मी नुसती धावणार."